मकचनला विकलं ते बरोबर होतं. चूक त्याच्या दोन दिवस आधी झाली

तुम्ही दोन प्रश्न एकत्र विचारलेत. बेसबॉलमधल्या पिट्सबर्ग पायरेट्स संघाने 2018 मध्ये आपला लाडका फलंदाज अँड्र्यू मकचनचा करार वाढवायचा सोडून त्याला सॅन फ्रान्सिस्को जायंट्सला देऊन टाकलं, तो मालकाचा चिक्कूपणा होता ना? आणि आता त्याच्या बदल्यात आलेल्या ब्रायन रेनल्ड्सनेही तिशी ओलांडलीय, 2025 मध्ये त्याची बॅटही थंडावली, तर भाव आहे तोवर त्याला विकून मोकळं व्हावं का? माझं उत्तर दोन्हींना 'नाही' आहे, आणि दोन्हींमागचं कारण एकच आहे.

आधी कबुली देतो. 15 जानेवारी 2018 ला, मार्टिन ल्यूथर किंग दिनाच्या सुट्टीच्या सोमवारी, बातमी आली तेव्हा मीही मालक बॉब नटिंग यांच्या नावाने भरपूर बोटं मोडली होती. नटिंगनी संघ विकावा म्हणून हजारो सह्यांचा अर्ज फिरत होता, त्यावर माझीही सही आहे. 2013 च्या वाइल्ड कार्ड सामन्याला (बाद फेरीत जायचा एकच सामना) काळा शर्ट घालून घरच्या मैदानात, पीएनसी पार्कमध्ये, घसा बसेपर्यंत 'क्वेऽटो, क्वेऽटो' ओरडलेला माणूस दुसरं काय करणार? सिनसिनाटीच्या जॉनी क्वेटोच्या हातून चेंडू निसटून खाली पडला आणि पुढच्याच चेंडूवर आमच्या रसेल मार्टिनने होम रन (आपल्या षटकारासारखा) मारला, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. लागोपाठ 20 हंगाम हरल्यानंतरचा तो पहिला चांगला हंगाम. मकचन त्या वर्षी नॅशनल लीगचा एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू, झाला. गाव त्याला लाडाने 'कच' म्हणतं. आमच्या आईने हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिने विचारलं होतं, "आणि देवयानी कुठेय?"

तर हे प्रेम बाजूला ठेवून हिशोब बघू.

मार्च 2012 मध्ये पायरेट्सनी त्याच्याशी सहा वर्षांचा, 5 कोटी 15 लाख डॉलरचा करार केला. त्या दर्जाच्या खेळाडूसाठी ही रक्कम म्हणजे जवळपास फुकट. शेवटी 2018 चं एक वर्ष क्लबच्या मर्जीवर होतं, त्याला साधारण दीड कोटी द्यायचे होते. म्हणजे जानेवारी 2018 ला 31 वर्षांच्या माणसाचं एक वर्ष हातात उरलं होतं. 2016 मध्ये त्याची बॅटिंगची सरासरी .256 पर्यंत (म्हणजे हजार संधींत 256 हिट) घसरली होती. 2017 मध्ये बॅट सावरली, 28 होम रन आले, पण पाय आता सेंटर फील्डचे, म्हणजे मागच्या मैदानातल्या मधल्या, सगळ्यात जास्त धावायच्या जागेचे, राहिले नव्हते. त्या वर्षी सुरुवातीला क्लबने त्याला राइट फील्डला, उजव्या कोपऱ्यात, हलवलंही होतं. त्याच्या जागी आलेल्या स्टार्लिंग मार्टेवर 80 सामन्यांची बंदी आली म्हणून कच परत मधे आला, एवढंच. आउटफील्डर (मागच्या मैदानातला क्षेत्ररक्षक) कोपऱ्यात गेला की त्याच बॅटची किंमत कमी होते, कारण कोपऱ्यात चांगली बॅट असलेले खेळाडू पुष्कळ मिळतात.

करार वाढवायचा म्हणजे काय, तर 2019 पासून पुढची तीन-चार वर्षं विकत घ्यायची. त्याने 2012 ते 2015 मध्ये जे दिलं त्याचे पैसे देऊन झाले होते, अगदी स्वस्तात झाले होते हे मान्य. चाहत्यांना वाटतं की आता तरी त्याचं ऋण फेडा. ही भावना मला पटते, पण त्या भावनेतून केलेला करार खेळाडूच्या उतरत्या वर्षांवर लागतो. आणि एक तांत्रिक गोष्ट फारसं कुणी लक्षात घेत नाही. मेजर लीगमध्ये (बेसबॉलची सर्वोच्च लीग) दहा वर्षं आणि त्यातली शेवटची पाच एकाच क्लबकडे झाली की खेळाडूला कुठलाही ट्रेड, म्हणजे दुसऱ्या संघाशी अदलाबदल, नाकारायचा हक्क मिळतो. मकचन त्या टप्प्यावर 2019 मध्ये पोचला असता. म्हणजे करार वाढवला की पुढे मन बदलायची वाटही बंद.

वाढवलाही नसता आणि विकलाही नसता, तर? 2018 संपल्यावर तो मोकळा झाला असता आणि क्लबच्या पदरात फार तर ड्राफ्टमधली (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतली) एक जादा निवड पडली असती. पिट्सबर्गने हे एकदा भोगलंय. 1992 नंतर आमचा तेव्हाचा स्टार बॅरी बाँड्स जायंट्सकडे गेला, सहा वर्षांचे 4 कोटी 37 लाख 50 हजार डॉलर घेऊन, आणि इथे ती 20 वर्षांची साडेसाती सुरू झाली.

उलट बाजूचं उदाहरणही याच राज्यातलं, पेनसिल्व्हेनियातलं, आहे. फिलाडेल्फिया फिलीजनी एप्रिल 2010 मध्ये रायन हॉवर्डचा करार पाच वर्षांसाठी साडेबारा कोटी डॉलरला वाढवला. लोक म्हणतात, टाचेमागचा अकिलिस स्नायुबंध फाटला, नशीब फुटकं. तो फाटला हे खरं. ऑक्टोबर 2011 मध्ये सेंट लुइसविरुद्ध निर्णायक सामना 1-0 ने हरताना शेवटचा बाद होणारा फलंदाज हॉवर्डच होता आणि पहिल्या बेसकडे धावताना तो कोसळला. पण माझ्या मते चूक त्याआधीची होती. करार वाढवला तेव्हा जुना करार संपायला जवळजवळ दोन हंगाम बाकी होते! नवे पैसे लागू होणार होते 2012 पासून, म्हणजे खेळाडू 32 वर्षांचा असताना, आणि तोही धिप्पाड, फक्त पहिल्या बेसवर उभा राहू शकणारा. बाजारात कुणी दुसरा गिऱ्हाईक नसताना घाईघाईने स्वतःशीच बोली लावली. नव्या कराराच्या पाच वर्षांत एकाही हंगामात त्याने 30 होम रन गाठले नाहीत. ज्या माणसाने 2006 मध्ये 58 मारले होते!

आता मकचनच्या बदल्यात काय आलं ते बघा. कायल क्रिक नावाचा रिलीफ पिचर (डावाच्या मधे येणारा बदली गोलंदाज), ज्याने 2018 चा हंगाम फार छान टाकला. आणि ब्रायन रेनल्ड्स, जो तेव्हा जायंट्सच्या मेजर लीगच्या खालच्या स्तरावरच्या संघात होता आणि ज्याचं नाव इथे कुणाला माहीत नव्हतं. त्याने 2019 मध्ये मेजर लीगला पाऊल ठेवलं आणि पहिल्याच हंगामात .314 मारले, 2021 मध्ये ऑल-स्टार झाला, म्हणजे वर्षातल्या निवडक खेळाडूंच्या सामन्यात खेळला. एका उतरणीला लागलेल्या वर्षाच्या बदल्यात असा माणूस सहा वर्षांच्या हक्कासह मिळणं ही लॉटरी होती. दर वेळी लागत नाही, हेही सांगून ठेवतो.

मग चिडायचं कशावर? मकचनच्या दोन दिवस आधी, 13 जानेवारीला, पिचर गेरिट कोलला ह्यूस्टनला दिलं त्यावर. कोल 27 वर्षांचा होता, 2011 च्या ड्राफ्टमधला पहिला, आणि त्याची दोन वर्षं क्लबकडे शिल्लक होती. त्याच्या बदल्यात चार जण आले, पण ज्याच्याभोवती संघ उभा करावा असा त्यात एकही नव्हता. जो मस्ग्रोव्ह बरा निघाला, तोही पुढे दुसरीकडेच चमकला. कोलने 2019 मध्ये ह्यूस्टनसाठी 20 विजय मिळवले, 326 बळी टिपले आणि मग यांकीजकडून 32 कोटी 40 लाखांचा करार घेतला. म्हातारा होत चाललेला फलंदाज विकताना क्लबला चांगला भाव मिळाला आणि ऐन उमेदीतला पिचर विकताना मिळाला नाही. लोकांच्या लक्षात मात्र मकचन राहिला, कारण तो आपला होता.

त्याच वर्षी जुलैत तर कळस झाला. संघ बरा खेळायला लागला म्हणून ट्रेडच्या शेवटच्या दिवशी टँपा बेकडून पिचर ख्रिस आर्चर आणला, आणि त्यासाठी टायलर ग्लासनाव, ऑस्टिन मेडोज आणि नंतर शेन बाझ असे तिघे देऊन टाकले. मेडोज हा तर मकचनच्या जागेचा वारसदार म्हणून वाढवलेला! 2018 ला 82 विजय आणि 79 पराभव, 2019 ला 69-93. आर्चरचा 2019 चा ईआरए (नऊ डावांमागे दिलेल्या धावा, कमी तेवढं चांगलं) 5.19. जानेवारीत दुकान आवरायचं आणि जुलैत दिवाळीची खरेदी करायची, असं कुठे असतं का? 2019 संपताना जनरल मॅनेजर नील हंटिंग्टन यांची नोकरी गेली ती माझ्या मते या गोंधळामुळे, मकचनमुळे नाही.

म्हणून मी कुठल्याही ज्येष्ठ खेळाडूबद्दल पहिला प्रश्न त्याचं वय किंवा सरासरी हा विचारत नाही. आपला संघ नक्की कुठल्या वर्षी जिंकायला निघालाय, हे विचारतो. त्या वर्षी हा माणूस उपयोगाचा असेल तर ठेवा, महाग पडला तरी ठेवा. नसेल तर तो ज्यांच्या कामाचा आहे त्यांना आजच द्या. 2017 ला 75-87 असलेल्या पायरेट्सना 2018 चा मकचन कशासाठी हवा होता? तिकिटं खपायला. तेही कारण आहेच, पण मग ते तसं म्हणावं.

आता रेनल्ड्स. डिसेंबर 2022 मध्ये त्याने स्वतःच ट्रेड मागितला होता, आणि त्या वेळी त्याला विकलं असतं तर मी टाळ्या वाजवल्या असत्या. क्लबने उलट एप्रिल 2023 मध्ये आठ वर्षांचे 10 कोटी 67 लाख 50 हजार दिले. पायरेट्सच्या इतिहासात तोवर कुणाला एवढी रक्कम मिळाली नव्हती. करार 2030 पर्यंत आहे. तेव्हा मला ते चुकीचं वाटलं होतं, कारण 2023 ला संघ कुठेच पोचणार नव्हता. पण मे 2024 मध्ये तरुण पिचर पॉल स्कीन्स आला आणि गणित फिरलं. 2025 चा साय यंग (सर्वोत्तम पिचरचा) पुरस्कार त्याला एकमताने मिळाला. तो 2029 पर्यंत क्लबकडे आहे, आणि त्याला त्यापुढे ठेवायची ऐपत नटिंग दाखवतील यावर मी पाच डॉलरही लावणार नाही. म्हणजे जे काय करायचं ते 2029 च्या आत. 2025 ला संघ 71-91 राहिला तो बॅटिंगमुळे. अशा वेळी एका हंगामात बॅट बसली म्हणून बाजार पडलेला असताना रेनल्ड्स विकायचा, आणि मग कोपऱ्यातला आउटफील्डर शोधायला पुन्हा त्याच बाजारात जायचं? त्याला डाव्या बाजूला किंवा डीएच (फक्त बॅटिंग करणारा) म्हणून खेळवा, पण ठेवा. 2028 च्या उन्हाळ्यात संघ तळाला असेल तर मला पुन्हा विचारा, तेव्हा मी कदाचित विका म्हणेन.

आणि कचचं म्हणाल तर तो परत आला. जानेवारी 2023 मध्ये, 36 व्या वर्षी, एका वर्षाच्या 50 लाख डॉलरवर. चेन्नईने 2025 साठी धोनीला 4 कोटी रुपयांत 'अनकॅप्ड' म्हणून ठेवलं, तसाच काहीसा प्रकार: वय झालेला लाडका माणूस, झेपेल त्या पैशात, एका वेळी एक वर्ष. हाच करार 2018 ला चार वर्षांचा केला असता तर त्यात 2019 चं ते वर्षही आलं असतं, ज्यात जूनमध्ये त्याच्या गुडघ्याचा स्नायुबंध (एसीएल) फाटला. त्या वर्षी तो फिलाडेल्फियाकडे होता, ते पैसे त्यांनी भरले. आम्हाला मिळाला 11 जून 2023 चा त्याचा 2000 वा हिट, घरच्या मैदानावर, मेट्सविरुद्ध. आणि बरोबर दोन वर्षांनी, 11 जून 2025 ला, पायरेट म्हणून त्याचा 241 वा होम रन, पायरेट्सचा जुना दिग्गज रॉबर्टो क्लेमेंटेपेक्षा एक जास्त. आणि त्या हंगामात राइट फील्डला बहुतेक वेळा कोण उभा असायचा ते बघा: ब्रायन रेनल्ड्स, कचच्या बदल्यात आलेला.