वाचकांचे प्रश्न: निर्देशांकातला शंभर

प्रश्न: पदवीच्या प्रकल्पासाठी मी कोविडकाळातील निरनिराळ्या देशांच्या सरकारी धोरणांची तुलना करते आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या नोंदींत २०२० च्या मार्चअखेरीस भारताचा कठोरता निर्देशांक १०० दिसतो, तर स्वीडनचा बराच कमी. म्हणजे भारताचा प्रतिसाद अधिक चांगला होता, असे म्हणता येईल का? आणि यात गोव्याला कुठे बसवावे?
– एक विद्यार्थिनी, फोंडा

उत्तर: नाही, तसे म्हणता येणार नाही. ० ते १०० असा मोजला जाणारा हा निर्देशांक सरकारने किती कडक निर्बंध फर्मावले ते सांगतो. ते कितपत पाळले गेले, लोकांना त्याचा काय उपयोग झाला, किती जीव वाचले, यांपैकी काहीही त्यात मोजलेले नाही. ऑक्सफर्डच्याच ब्लावाट्निक स्कूल ऑफ गव्हर्नमेंटमध्ये थॉमस हेल यांच्या नेतृत्वाखाली २०२० मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पात शेकडो स्वयंसेवकांनी १८० हून अधिक देशांचे आदेश, परिपत्रके आणि बातम्या वाचून दिवसवार नोंदी केल्या. प्राप्त आकडा गुणपत्रिकेसारखा वापरू नये, असे खुद्द प्रकल्पानेही वेळोवेळी बजावले आहे.

आकडा कसा तयार होतो, ते एकदा हाताने करून पाहा. शाळा, कामाची ठिकाणे, सार्वजनिक कार्यक्रम, जमाव, सार्वजनिक वाहतूक, घरी राहण्याचे आदेश, देशांतर्गत प्रवास, आंतरराष्ट्रीय प्रवास आणि जनजागृती या नऊ घटकांच्या गुणांची ही सरासरी आहे. शाळांसाठी ० ते ३ अशी श्रेणी आहे: १ म्हणजे बंद ठेवण्याचा केवळ सल्ला, ३ म्हणजे सर्व इयत्ता सक्तीने बंद. देशभर ३ असेल तर १०० गुण मिळतात. पण तोच आदेश देशाच्या एखाद्याच भागापुरता असेल, तर अर्धा गुण वजा होऊन २.५ भागिले ३, म्हणजे सुमारे ८३ गुण होतात. एकाच भागात शाळा बंद असल्या तरी देशाच्या नावावर ८३ लागतात, हे नीट लक्षात घ्या, कारण गोव्याचा प्रश्न नेमका इथेच येतो. १ मे २०२० रोजी गोव्याचे दोन्ही जिल्हे हरित, म्हणजे सर्वांत कमी जोखमीच्या, क्षेत्रात होते आणि येथील निर्बंध सैल होऊ लागले होते, तरीही राष्ट्रीय आकडा देशातील सर्वांत कडक भागाकडे पाहूनच ठरत राहिला. पुढे याच प्रकल्पाने भारतासह काही मोठ्या देशांची राज्यनिहाय नोंदही केली. तुम्ही ती वापरावी.

श्रेणीला वरची मर्यादाही आहे. मार्च २०२० च्या अखेरच्या आठवड्यात गोव्यात सुरुवातीला किराणा दुकानेसुद्धा बंद राहिली आणि घराघरांत धान्य-दुधाची ओढाताण झाल्यावर ती उघडू देण्यात आली. कामाच्या ठिकाणांच्या श्रेणीत 'अत्यावश्यक सोडून सर्व बंद' हीच सर्वांत वरची पायरी असल्याने या दोन्ही दिवसांना ३ हाच गुण मिळतो. लोकांच्या दृष्टीने जो फरक सर्वांत मोठा होता, तो आकड्यात उरतच नाही. माझ्या मते निव्वळ निर्देशांकावर बेतलेल्या तुलनेवर विश्वास ठेवू नये, याचे हेच सर्वांत ठोस कारण आहे.

स्वीडनबाबतही घटक सुटे करून पाहिले, तर चित्र बदलते. तेथे लहान मुलांच्या शाळा चालू राहिल्या आणि बराचसा भर सल्ल्यावर होता, पण २९ मार्च २०२० पासून ५० हून अधिक लोकांच्या जाहीर मेळाव्यांवर कायदेशीर बंदी होती. उलट न्यूझीलंडने २५ मार्चच्या रात्रीपासून चौथ्या, म्हणजे सर्वांत वरच्या पातळीचे कडक निर्बंध लावले आणि २७ एप्रिलला ते उतरवायला सुरुवात केली. म्हणून कठोरतेइतकाच कालावधी महत्त्वाचा मानावा, आणि देशांची तुलना कॅलेंडरच्या तारखेने न करता पहिल्या मृत्यूपासूनच्या दिवसांनी करावी.

आणखी एक सावधगिरी बाळगा. निर्बंध अनेकदा साथ भडकल्यावर लागतात. मे २०२१ मध्ये गोव्यात संचारबंदी लागू झाली, तेव्हा तपासलेल्या नमुन्यांपैकी जवळपास निम्मे बाधित निघत होते. त्या आठवड्यांचे निर्बंध आणि मृत्यू एकाच आलेखावर मांडले, तर निर्बंधांमुळेच मृत्यू वाढले असा उफराटा निष्कर्ष निघेल. ज्या घरांनी त्या दिवसांत माणसे गमावली, त्यांच्यासमोर असा निष्कर्ष ठेवणे केवळ चुकीचे नाही, तर अन्यायाचेही ठरेल.

गोव्याच्या नोंदी स्वतः करणार असाल, तर उत्तर आणि दक्षिण गोव्याच्या जिल्हाधिकाऱ्यांचे आदेश वेगवेगळे वाचा. प्रत्येक आदेशापुढे तो निघाल्याची आणि अमलात आल्याची, अशा दोन तारखा लिहा; गणनेत दुसरी तारीख धरा, आणि आदेशाची प्रत जोडून ठेवा, म्हणजे परीक्षकांना तुमचा प्रत्येक गुण ताडून पाहता येईल.