घटनादुरुस्ती करून राजकीय पक्ष आणि निवडणुकीतला पैसा आटोक्यात आणता येईल का?

तुमच्या प्रश्नात दोन मागण्या आहेत. घटनादुरुस्ती करून पक्षपद्धतच बंद करावी आणि सगळे अपक्ष निवडून यावेत, ही पहिली. ते जमत नसेल तर पक्षांना मिळणाऱ्या देणग्यांवर घटनेतच बंदी घालावी, ही दुसरी. मी लेखा खात्यात नोकरी केली आणि निवडणुकांच्या काळात खर्च पथकात ड्युटी केली. त्यामुळे पक्षांवरचा तुमचा राग मला पूर्ण समजतो. तरीही दोन्ही मागण्यांना माझं उत्तर नाही असंच आहे. निवडणुकीतल्या पैशाच्या जवळपास सगळ्या पळवाटा साध्या कायद्यात आहेत, साध्या कायद्यानेच पाडलेल्या आहेत आणि साध्या कायद्यानेच बुजवता येतील. घटनेत दुरुस्ती हवी ती एकाच ठिकाणी, आणि नेमकं त्या ठिकाणाबद्दल कुणी फारसं बोलत नाही.

पक्षबंदीचं आधी उरकून टाकतो. संघटना स्थापन करण्याचा हक्क अनुच्छेद १९(१)(क) ने नागरिकाला दिला आहे. तो काढून घेतला तर पक्षांबरोबर कामगार संघटना, शेतकरी संघटना सगळ्यांच्याच पायाखालची जमीन जाईल. आणि पक्ष नसले की पैसा जातो, हे तरी कुठे दिसतं? महाराष्ट्रात ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही. तरी जानेवारी २०२१ मध्ये नाशिक जिल्ह्यातलं उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातलं खोंडामळी या दोन गावांची निवडणूक राज्य निवडणूक आयोगाला रद्द करावी लागली, कारण तिथे पदांचा चक्क लिलाव झाला होता. पक्ष नसेल तेव्हा ज्याच्याकडे स्वतःचा पैसा आहे तोच उभा राहतो. गरीब घरातल्या कार्यकर्त्याला वर येण्याची जी काही वाट आज आहे, ती पक्षातूनच जाते.

आता पैशाकडे येतो. महाराष्ट्रात विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाख आणि लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाख रुपये खर्चाची मर्यादा आहे. ती पाळली जाते का हे बघायला मोठी यंत्रणा उभी असते. सभा झाली की व्हिडिओ पथकाचं चित्रीकरण येतं आणि लेखा पथक ते थांबवून थांबवून बघतं. खुर्च्या किती, मंडप केवढा, ध्वनिक्षेपक किती, जनरेटर होता का, गाड्या कुठल्या. प्रत्येक वस्तूचा दर जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याच्या दरपत्रकात आधीच ठरलेला असतो, अगदी चहाच्या कपापर्यंत. त्याप्रमाणे हिशेब करून आम्ही तो शॅडो रजिस्टरमध्ये, म्हणजे आमच्या समांतर नोंदवहीत, लिहायचो. उमेदवाराचा प्रतिनिधी त्याचं रजिस्टर घेऊन यायचा आणि प्रचाराच्या काळात किमान तीन वेळा दोन्ही रजिस्टरांचा ताळा व्हायचा. चहाच्या बिलावरून तासन्‌तास हुज्जत चालायची.

आणि त्याच आठवड्यात मोठ्या मैदानावर स्टार प्रचारकाची सभा व्हायची. हजारो खुर्च्या, मोठमोठे एलईडी पडदे, हेलिपॅड. नियम असा की मंचावर उमेदवार असला किंवा बॅनरवर त्याचं नाव वा फोटो असला तर सभेचा खर्च त्याच्या खात्यात टाकायचा. म्हणून बॅनरवर फक्त नेता आणि पक्षाचं चिन्ह. उमेदवार मंचावर फिरकायचाच नाही, खाली गर्दीत हात जोडून उभा असायचा. सभा त्याच्यासाठी आहे हे मैदानातल्या प्रत्येकाला माहीत असायचं, पण आमच्या रजिस्टरात तिची ओळसुद्धा येत नसे. खर्च पक्षाचा, आणि पक्षाच्या खर्चाला आपल्या कायद्यात कुठलीही मर्यादा नाही. पक्षाने निवडणुकीनंतर भारत निवडणूक आयोगाला खर्चाचं विवरण द्यायचं, एवढंच बंधन.

ही पळवाट आपोआप पडलेली नाही. १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंवरलाल गुप्ता खटल्यात सांगितलं होतं की उमेदवाराच्या संमतीने पक्षाने त्याच्यासाठी केलेला खर्च त्याच्याच खात्यात धरला पाहिजे. निकालानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ७७ मध्ये स्पष्टीकरण घालून पक्षाचा खर्च बाहेर काढण्यात आला. २००३ मध्ये ते थोडं आवळलं, पण स्टार प्रचारकांच्या प्रवासाचा खर्च बाहेरच राहिला आणि सर्वसाधारण प्रचाराच्या नावाखाली पक्षाला रान मोकळंच राहिलं. वाढत्या खर्चाबद्दल बोलताना गोपीनाथ मुंडे यांनी २०१३ मध्ये मुंबईतल्या एका कार्यक्रमात २००९ च्या लोकसभा निवडणुकीत आपला आठ कोटी खर्च झाल्याचं जाहीरपणे सांगितलं. तेव्हा मर्यादा होती २५ लाख. आयोगाने त्यांना नोटीस काढली. त्यांनी ते बोलून दाखवलं म्हणून कळलं, एवढाच फरक.

निवडणूक रोख्यांचंही, म्हणजे नाव उघड न करता पक्षाला देणगी देण्यासाठी बँकेतून घ्यायच्या रोख्यांचंही, तेच. २०१७ च्या वित्त विधेयकातून, म्हणजे ज्यावर राज्यसभेचं काही चालत नाही अशा विधेयकातून, चार-पाच कायदे एका फटक्यात बदलले गेले. आधी कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच पक्षांना देणगी देता यायची. ती मर्यादा गेली. तोट्यातली कंपनीही हवी तेवढी देणगी देऊ लागली आणि कुणाला दिली हे भागधारकांनाही सांगण्याची गरज उरली नाही. परदेशी देणग्यांच्या बाबतीत तर कायदा मागच्या तारखेपासून बदलला, आधी २०१० पर्यंत आणि मग थेट १९७६ पर्यंत मागे जाऊन. दोन मोठ्या पक्षांनी तो कायदा मोडल्याचं दिल्ली उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये म्हटलं होतं, त्यावरचा हा उपाय.

१५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने रोखे योजना रद्द केली, साडेसात टक्क्यांची मर्यादा काढणारी दुरुस्तीही रद्द केली. मार्चमध्ये यादी लोकांसमोर आली आणि एप्रिल २०१९ पासूनच्या बारा हजार कोटींहून जास्त रुपयांच्या रोख्यांचा माग लागला. हे कशाच्या जोरावर झालं? कुठल्याही नव्या घटनादुरुस्तीच्या जोरावर नाही. मतदाराचा माहितीचा हक्क अनुच्छेद १९(१)(अ) मध्ये येतो आणि मनमानी कायदा अनुच्छेद १४ मध्ये बसत नाही, एवढ्यावर. म्हणजे आहे ती घटना आपल्या बाजूने उभी राहिली. उद्या देणग्यांचे नियम घटनेतच लिहिले आणि लिहिताना त्यात एखादं कलम पक्षांच्या सोयीचं आलं, तर न्यायालयाला ते मूलभूत हक्कांच्या साध्या कसोटीवर तपासता येणार नाही. घटनेच्या मूलभूत चौकटीला, म्हणजे संसदेलाही बदलता न येणाऱ्या गाभ्याला, धक्का लागतो हे सिद्ध करावं लागेल, आणि ती पायरी फार उंच आहे.

कलम पक्षांच्या सोयीचं येईल असं मी का धरतो? अनुच्छेद ३६८ वाचा. घटनादुरुस्तीला प्रत्येक सभागृहात एकूण सदस्यसंख्येचं बहुमत आणि हजर राहून मत देणाऱ्यांचं दोनतृतीयांश बहुमत लागतं. काही विषयांत निम्म्या राज्यांच्या विधानसभांची मान्यताही लागते. लोकांचं सार्वमत त्यात कुठेच नाही, आणि सह्या गोळा करून नागरिकांनी दुरुस्ती सुचवण्याची सोयही नाही. ज्यांच्यावर तुमचा विश्वास नाही, लेखणी त्यांच्याच हातात राहणार. १९७५ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने इंदिरा गांधींची निवड रद्द केली. त्यानंतर ३९ वी घटनादुरुस्ती आली आणि पंतप्रधानांची निवडणूक न्यायालयांच्या कक्षेबाहेर नेली. ७ ऑगस्टला लोकसभा, ८ ला राज्यसभा, ९ ला राज्यांच्या विधानसभा, १० ला राष्ट्रपतींची सही. चार दिवसांत सगळं उरकलं, कारण ११ ला सर्वोच्च न्यायालयात सुनावणी होती. नोव्हेंबरमध्ये न्यायालयाने त्यातलं मुख्य कलम रद्द केलं, तेही केशवानंद भारती खटल्यात १९७३ ला मूलभूत चौकट मान्य झाली होती म्हणून.

आता ती एक जागा. मूळ घटनेत राजकीय पक्षांचा उल्लेखच नव्हता. १९८५ च्या ५२ व्या दुरुस्तीने दहावं परिशिष्ट आलं, पक्षांतरबंदीचं, आणि पक्ष घटनेत शिरले. आमदार-खासदार विकले जाऊ नयेत हा हेतू चांगलाच होता. पण त्यात व्हीप, म्हणजे कसं मत द्यायचं याचा पक्षाचा आदेश, प्रत्येक मतदानाला लागू केला. सरकार पडण्याचा प्रश्न नसला तरी, साध्या विधेयकावरही, पक्षाच्या आदेशाविरुद्ध मत दिलं तर सदस्यत्व जाऊ शकतं. याचा देणग्यांशी संबंध लोकांच्या लक्षात येत नाही. विधानसभेत २८८ आमदार आपापल्या बुद्धीने मत देत असते तर एखाद्या बड्या देणगीदाराला कायदा हवा तसा करून घ्यायला किती जणांचे उंबरे झिजवावे लागले असते! आज त्याला पक्षाच्या वरच्या दोन-तीन माणसांशी बोललं की पुरतं. तिकीट त्यांच्या हातात, निधी त्यांच्या हातात आणि घटनेने दिलेला व्हीपही त्यांच्याच हातात.

शिवाय अपात्रतेचा निर्णय द्यायचा सभागृहाच्या अध्यक्षांनी, जे स्वतः सहसा सत्ताधारी पक्षाचे. १९८५ मध्ये तर या प्रकरणांत न्यायालयांना हात घालता येणार नाही असंही कलम घातलं होतं. निम्म्या राज्यांची मान्यता घेतली नव्हती म्हणून ते १९९२ मध्ये किहोतो होलोहान खटल्यात पडलं. शिवसेनेतल्या फुटीनंतर २०२२ च्या उन्हाळ्यात दाखल झालेल्या अर्जांचा निकाल आपल्याकडे १० जानेवारी २०२४ ला लागला आणि कुणीच अपात्र ठरलं नाही. तुम्ही कुठल्या बाजूचे आहात याने फरक पडत नाही; दीड वर्ष मतदाराला आपला आमदार कायदेशीर आहे की नाही हेच माहीत नव्हतं. हे काम अध्यक्षांकडून काढून स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे द्यायचा विचार संसदेने करावा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्येच सुचवलं आहे. ते करावं, आणि व्हीप फक्त विश्वासदर्शक-अविश्वास ठरावापुरता आणि अर्थसंकल्पापुरता ठेवावा. घटनादुरुस्ती मागायचीच असेल तर ही मागा.

बाकीचं सगळं साध्या बहुमताच्या कायद्याने होतं. पक्षाच्या खर्चाला मर्यादा घाला. वीस हजारांपर्यंतच्या देणगीदाराचं नाव आज द्यावं लागत नाही, तिथे वर्षभराची बेरीज धरा, म्हणजे मोठी रक्कम तुकडे करून देता येणार नाही. पक्षाचे हिशेब पक्षानेच नेमलेल्या सीएकडून न तपासता स्वतंत्रपणे तपासा. सहा राष्ट्रीय पक्ष माहिती अधिकाराच्या कक्षेत येतात असं केंद्रीय माहिती आयोगाने २०१३ मध्ये सांगितलं, एकानेही ते मानलेलं नाही; ते कायद्यात स्पष्ट लिहा. सरकारी खर्चाने निवडणूक लढवू देण्याची सूचना इंद्रजित गुप्ता समितीने १९९८ मध्ये केली होती. माझ्या मते हिशेब उघडे होईपर्यंत तिला हात लावू नये, नाहीतर काळा पैसा तसाच राहील आणि वर करदात्याचाही जाईल.

हे कायदे होईपर्यंत तुमच्या हातात काय आहे, तेही सांगतो, कारण ड्युटीवर असताना ही सोय वापरणारा नागरिक मी क्वचितच पाहिला. निकालानंतर ३० दिवसांत प्रत्येक उमेदवाराला खर्चाचा हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो. निवडणूक नियमांतल्या नियम ८८ प्रमाणे एक रुपया शुल्क भरून कुणीही तो पाहू शकतो आणि ठरलेलं शुल्क भरून त्याची प्रत घेऊ शकतो. तुमच्या मतदारसंघातल्या विजयी उमेदवाराचा हिशेब मागवा आणि प्रचाराच्या काळात तुम्ही स्वतः पाहिलेल्या सभा त्यात आहेत का ते तपासा. ज्या नसतील त्या कुणाच्या नावावर टाकल्या, हे पक्षाने निवडणूक आयोगाला दिलेल्या विवरणात शोधा. ती विवरणं आयोगाच्या संकेतस्थळावर असतात.