विजेच्या क्षेत्रात कणांची रचना : सुरुवात करताना

भाऊ, पाण्यातले बारीक प्लास्टिकचे कण दोन वाहक काचांमधे ठेवून एसी विजेने नीट रांगेत लावायचे, एवढंच हे काम. अशा रचनेतून रंगही मिळतो, पण रंगाच्या मागे लगेच लागू नको. २२० नॅनोमीटरच्या पॉलिस्टायरीन कणांचे नीट रचलेले थर सुकल्यावर साधारण ५२५ नॅनोमीटर तरंगलांबीचा हिरवा रंग देतात, पण तो जमायला वेळ लागतो. आधी २ मायक्रॉनचे कण घे, ते सूक्ष्मदर्शकात एकेक दिसतात.

आयटीओ काचेच्या (एका बाजूला वीज वाहणारा पारदर्शक थर असलेल्या) दोन पट्ट्या घे. वाहक बाजू मल्टिमीटरने ओळख, दोन्ही आत असू दे. मधे साधारण १०० मायक्रॉनचा दुहेरी टेप. कण तीनदा सेंट्रिफ्यूज करून (यंत्रात वेगाने फिरवून तळाला बसवून) धू, बाटलीतला साबण निघायलाच हवा.

पाणी डीआयोनाइज्डच, म्हणजे क्षार काढलेलं. जळगाव-धुळ्याकडचं बोअरचं जड पाणी इथे चालत नाही. क्षारांमुळे कणांमधलं प्रतिकर्षण मरतं आणि गुठळ्या होतात. म्हणून क्षार अगदी थोडाच, मोजून: लिटरला ८.४ मिलिग्रॅम सोडियम बायकार्बोनेट घाल. कॉस्टिक सोडा मात्र नको, त्यात कण जवळ येण्याऐवजी लांब पळतात.

कण तळाला बसायला पंधरा-वीस मिनिटं दे. मग दोन्ही काचांना जनरेटरने १ किलोहर्ट्झ, २ व्होल्ट पीक-टू-पीक (लाटेच्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत) लाव आणि फ्रिक्वेन्सी हळूहळू २०० हर्ट्झपर्यंत उतरव. प्रत्येक कणाभोवती सहा शेजारी दिसले की जमलं. क्षेत्र बंद केलं की रचना विस्कटते, ते बरोबरच आहे. नाही विस्कटली तर कण काचेला चिकटलेत. जनरेटरचा डीसी ऑफसेट, म्हणजे एसीत मिसळलेला स्थिर व्होल्टेज, तपास. बुडबुडे आले तर व्होल्टेज उतरव.

आणि कडा नेलपॉलिशने बंद कर. आपल्याकडच्या मे महिन्यात उघड्या कडेने पाणी उडतं, त्या प्रवाहाने कण कडेला ओढले जातात, आणि लोक दोष विजेला देतात.