‘प्रार्थना करतोय, पण पलीकडे कुणीच नाही असं वाटतं’

ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ सुरू झाला की समुपदेशक म्हणून माझ्याकडे एक तक्रार हमखास येते. माणसं वेगवेगळी असतात, बोलणं तेच असतं. नर्सिंगला असलेली मुलगी म्हणते, पूर्वी गीताच्या दुसऱ्या कडव्याला डोळे भरून यायचे, आता घड्याळाकडे लक्ष जातं. बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ म्हणतात, पहाटे उठून बायबल उघडतो, तीच ओळ चारदा वाचतो आणि मिटतो. सगळ्यांचा शेवटचा प्रश्न एकच आणि तोही दाराकडे बघत, आवाज खाली आणून विचारलेला: ‘माझा विश्वास गेला का हो?’

आवाज खाली येण्याचं कारण मला कळतं. मीही ख्रिस्ती घरातच वाढले. रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ साली कोल्हापुरात आले, त्यांनी शाळा काढल्या, आणि इथल्या कित्येक ख्रिस्ती घरांत आता चौथी-पाचवी पिढी नांदते आहे. मंडळी, म्हणजे चर्चची माणसं, आपल्याकडे फक्त रविवारच्या उपासनेपुरती नसतात. सोयरीक तिथंच जमते, नोकरीची खबर तिथंच लागते, दफनालाही तीच माणसं खांदा देतात. अशा ठिकाणी ‘मला देव जाणवत नाही’ म्हणणं अवघड असतं. त्यात माणसाला देवाआधी आपली माणसं गमावण्याची भीती वाटते. म्हणून तो गप्प राहतो, गीत सगळ्यांपेक्षा मोठ्यानं म्हणतो, आणि आतून आणखी एकटा पडतो.

शमुवेलसरांची गोष्ट त्यांच्या परवानगीनं सांगते आहे. नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. हायस्कूलला गणित शिकवून निवृत्त झालेले, मंडळीचे वडील, म्हणजे तिचा कारभार बघणाऱ्या थोरांपैकी एक, संडेस्कूलमध्ये दोन पिढ्यांना बायबलमधल्या गोष्टी सांगितलेले. पत्नी गेल्याला आठ महिने झाले होते. मूत्रपिंडं निकामी, आठवड्याला तीनदा डायलिसिस, असं दोन वर्षं चाललं. मंडळीनं उपवास-प्रार्थना केल्या. पावसाळ्यात बाई गेल्या.

माझ्याकडे मात्र ते पत्नीसाठी आले नव्हते.

“शुभ शुक्रवारी येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात, तुम्हाला माहीत आहेच,” ते म्हणाले. “पाळकसाहेबांनी मला पाचवा दिलाय. मी बोलू शकत नाही. नाही म्हणायची हिंमत होत नाही. आणि हो म्हणालो तर खोटं बोलल्यासारखं होईल. ढोंग करायलोय मी, ताई. बुधवारच्या प्रार्थना सभेला जातो असं घरात सांगतो आणि रंकाळ्यावर जाऊन बसतो.”

“कधीपासून असं वाटतंय?”

“ती गेल्यापासून म्हणा.”

“म्हणा?”

जरा थांबून म्हणाले, “खरं तर त्याच्या आदल्या रात्रीपासून.”

मी हा प्रश्न प्रत्येकाला पहिल्याच भेटीत विचारते. ‘देव दूर गेलाय’ हे वाक्य ऐकलं की देवाबद्दल बोलायची घाई मी करत नाही, तारीख विचारते. बहुतेकांकडे ती असते. कुणाची नोकरी गेलेला महिना, कुणाचं गर्भपातानंतरचं घरी येणं, कुणाची मुलानं आंतरधर्मीय लग्न केलेली संध्याकाळ. तारीख सापडली की निम्मं काम झालं असं मी अनुभवानं सांगू शकते.

पण त्याही आधी एक साधी चौकशी करावी लागते. झोप किती? जेवण जातं का? नातवंडांशी खेळावंसं वाटतं का? कोरडेपणा फक्त प्रार्थनेत आहे की आवडीचा तांबडा रस्साही बेचव लागतो? हे सगळंच फिकं पडलं असेल, पहाटे तीनला जाग येऊन पुन्हा डोळा लागत नसेल आणि दोन आठवड्यांहून जास्त दिवस असंच चाललं असेल, तर ते नैराश्य असू शकतं. त्याला डॉक्टर लागतो. अशा माणसाला ‘अजून प्रार्थना कर’ सांगणं म्हणजे ताप आलेल्याला पळायला लावणं. एलीया संदेष्ट्याची गोष्ट आपण मुलांना शिकवतो, पण नीट वाचत नाही. तो झुडपाखाली बसून मरण मागतो, तेव्हा देवदूत त्याला उपदेश करत नाही. निजू देतो, उठवून भाकर आणि पाणी देतो, परत निजू देतो, परत खायला घालतो. देवाशी बोलणं होतं ते त्यानंतर, चाळीस दिवसांची वाट चालून झाल्यावर, डोंगरावर. हा क्रम बायबलनंच घालून दिलेला आहे.

सरांची झोप बिघडली होती, पण बाकीचं शाबूत होतं. नातीला गणित शिकवताना ते खुलायचे. मंद झालं होतं ते एकच ठिकाण. याचा अर्थ तिथं काहीतरी अडलं होतं.

दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत ते पुष्कळ बोलले, आणि सगळं नीटनेटकं बोलले. देवाची इच्छा. ती सुटली. प्रभूनं तिला विसावा दिला. अंत्यविधीला लोकांनी त्यांना सांगितलेली वाक्यंच ते मला परत सांगत होते. मी मध्येच विचारलं, “सर, बाईंशी शेवटचं भांडण कशावरून झालं?”

ते चक्क हसले. “पाण्यावरून. रोजचंच होतं ते.”

डायलिसिसच्या बहुतेक रुग्णांना पाणी मोजून द्यावं लागतं. लघवीवाटे ते बाहेर पडत नाही, अंगात साठतं, पायांवर सूज येते, फुप्फुसांत उतरलं तर श्वास कोंडतो. चहा, आमटी, ताक, सगळं त्याच हिशेबात धरायचं. सर गणिताचे. त्यांनी एका बाटलीवर खुणा केल्या होत्या आणि दिवसभराचं पाणी त्या खुणांनी वाटून दिलं होतं. बाई चोरून प्यायच्या, हे रागवायचे. उन्हाळ्यात तर रोज.

“आणि शेवटच्या रात्री?”

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “पाणी मागत होती. मी अर्धी वाटी दिली. पुन्हा मागितलं, म्हटलं, सकाळी.” आणि मग एकदम, जणू वर्गात प्रश्न विचारावा तसे, “मत्तयाचा पंचविसावा अध्याय तुम्हाला आठवतो? मी तहानेलेला होतो तेव्हा तुम्ही मला पाणी दिलं नाही. डाव्या हाताच्या लोकांना तो काय सांगतो ते आठवतं?”

त्या अध्यायात न्यायाच्या दिवशी डाव्या हाताच्या लोकांना शिक्षा होते. पाचवा उद्गार सरांना का नको होता ते मला त्या क्षणी कळलं. ‘मला तहान लागली आहे.’ वधस्तंभावरून उच्चारलेल्या त्या वाक्यावर या माणसानं वेदीजवळ उभं राहून बोलायचं होतं.

इथं समजावणं सोपं होतं. पाणी कमी देणं हा उपचारच होता, तुम्ही डॉक्टरांचं ऐकलंत, यात दोष कसला, वगैरे. हे सगळं खरं आहे आणि सरांना ते माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. ठाऊक असून उपयोग झाला नव्हता, म्हणूनच ते माझ्यासमोर बसले होते. अपराधाची भावना युक्तिवादानं जात नाही. ज्या रात्री ती बसली त्या रात्रीत परत जाऊन, तिथं खरोखर काय काय घडलं ते सगळं बघावं लागतं, कारण दुखावलेलं मन त्यातला एकच तुकडा धरून ठेवतं.

म्हणून मी एवढंच विचारलं, “सकाळी म्हणालात, त्यानंतर तुम्ही झोपलात?”

“झोपतोय कसला.”

“मग काय केलंत?”

“ओठ कोरडे पडत होते तिचे. कापूस ओला करून लावत होतो.”

“किती वेळ?”

“रात्रभर.”

“रात्रभर?”

“हो. चार वाजता तिनं हात धरला. मग कापूस डाव्या हातात घेतला.”

आणि ते थांबले. त्यांनी आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. मी काहीही बोलले नाही. समुपदेशकाला बोलायला शिकावं लागतं तेवढंच गप्प कधी बसायचं तेही शिकावं लागतं, आणि मला वाटतं, त्या दिवशी ते मला नीट जमलं. आठ महिने त्यांच्या मनात ‘अर्धी वाटी’ आणि ‘सकाळी’ एवढीच रात्र शिल्लक होती. कापूस त्यांना आठवत नव्हता असं नाही, पण तो हिशेबात धरला नव्हता.

मग जे आलं ते मला अपेक्षित होतं, त्यांना नव्हतं. चेहरा लाल झाला, आवाज चढला. “मी तर कापूस धरून बसलो होतो. तो कुठं होता? चाळीस वर्षं त्याचं नाव घेतलं तिनं. तिला एक पेलाभर पाणी पोटभर पिऊ दिलं नाही त्यानं!”

लगेच घाबरले. “माफ करा. असं बोलायला नको होतं.”

“मला कशाला माफी? हे तुम्ही त्याला विचारलंत का कधी?”

“देवाला? असं?”

मी ज्या पठडीत शिकले, तिथं रागाला शत्रू मानत नाहीत. राग आणि माया मनात एकाच वाटेनं येतात. राग नको म्हणून ती वाट बुजवली की मायाही यायची थांबते, आणि माणसाला वाटतं, आपल्याला आता काहीच वाटत नाही. सरांना देव जाणवत नव्हता, कारण जे खरं वाटत होतं तेवढं सोडून बाकी सगळं ते त्याच्यापुढं मांडत होते. आठ महिने ते सभ्य प्रार्थना करत होते. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी जणांच्या बाबतीत मी हे पाहिलं आहे: देव लांब गेल्याची तक्रार करणारा माणूस स्वतःच तोंड चुकवून उभा असतो. त्याच्याजवळ सांगण्यासारखं एक काहीतरी असतं आणि ते सांगितलं तर आपण अविश्वासू ठरू अशी धास्ती असते.

मी त्यांना बायबल दिलं आणि ८८वं स्तोत्र मोठ्यानं वाचायला सांगितलं. खड्या, वर्गात वाचावं तशा आवाजात त्यांनी सुरुवात केली. रात्रंदिवस तुझ्यापुढं आरोळी करतो. तू मला खोल गर्तेत टाकलंस. मेलेल्यांना तू आपले चमत्कार दाखवणार आहेस का? माझी प्रेमाची माणसं तू माझ्यापासून दूर केलीस. अठराव्या ओवीला स्तोत्र अंधारात संपतं. सरांनी पान उलटलं. मागं आले. पुन्हा उलटलं.

“पुढचं कुठाय?”

“काय पुढचं?”

“शेवटी स्तुती येते ना. ‘तरी मी परमेश्वराची स्तुती करीन’ वगैरे. येतेच ती.”

“या स्तोत्रात नाही.”

“आणि हे बायबलमध्ये ठेवलंय?”

“दीडशे स्तोत्रांत ठेवलंय. उपासनेत गायचं म्हणून.”

ते बराच वेळ ते पान बघत राहिले. संडेस्कूलमध्ये इतकी वर्षं शिकवलं, पण हे स्तोत्र त्यांनी कधी मुलांना दिलं नव्हतं. आपण बहुतेक मंडळ्यांत २३वं पाठ करून घेतो, त्याच्या लगेच आधीचं २२वं वगळतो, जे ‘माझ्या देवा, तू मला का सोडलंस’ या हाकेनं सुरू होतं. वधस्तंभावर येशूनं उच्चारलेला चौथा उद्गार तोच आहे. पाचव्याच्या अगदी शेजारी. आपल्या महाराष्ट्राला तर हे परकं वाटायचं कारणच नाही, जनाबाईनं विठोबाला किती मोकळेपणानं शिव्या घातल्या आहेत! ज्याच्यावर हक्क आहे त्याच्याशीच कुणी भांडतं. जो नाहीच, त्याच्याशी भांडायला आठ महिने कुणी अडून बसत नाही.

सरांनी पुढचे काही दिवस रंकाळ्यावर बसून देवाला वहीत पत्रं लिहिली. ती मी वाचली नाहीत. शुभ शुक्रवारी ते पाचव्या उद्गारावर बोलले, नेहमीपेक्षा थोडंच. त्या रात्रीबद्दल आणि आपल्या रागाबद्दलही सांगितलं. मंडळीच्या दुसऱ्या एका वडिलांना ते आवडलं नाही, अशा गोष्टी व्यासपीठावरून बोलू नयेत म्हणाले. सर म्हणाले, मग कुठून बोलू? आता प्रार्थनेत पूर्वीसारखं रोज भरून येत नाही. काही पहाटे येतं, काही पहाटे नाही. ढोंग मात्र संपलं आहे.

आता ज्यांना हाच प्रश्न आहे त्यांच्याशी थोडं बोलते. भावना आली नाही म्हणजे विश्वास गेला, असं समीकरण मनात धरू नका. मदर तेरेसांची पत्रं २००७ साली, त्यांच्या निधनानंतर दहा वर्षांनी, प्रसिद्ध झाली तेव्हा कळलं की कितीतरी दशकं त्यांना आतून अंधारच जाणवत होता. त्या काळातही त्या रोज पहाटे प्रार्थनेला बसत होत्या आणि मरणाऱ्यांना उचलून आणत होत्या. तुम्हालाही कोरड्या काळात प्रार्थना लांबवायची गरज नाही. तीन मिनिटं पुरतात, पण त्या तीन मिनिटांत एक तरी खरं वाक्य असू द्या, मग ते ‘मला आज तुझ्याशी बोलायचं नाही’ एवढंच असलं तरी.

सगळ्या शंका मात्र एका जातीच्या नसतात. शिवाजी विद्यापीठात शिकणारी मुलं उत्क्रांतीबद्दल विचारतात, इतर धर्मांतल्या चांगल्या मित्रांचं काय होणार म्हणून विचारतात. ते बुद्धीचे प्रश्न आहेत. त्यांना समुपदेशक नको, वाचलेला आणि न रागावणारा पाळक हवा. याउलट, आपल्या हातून पवित्र आत्म्याविरुद्ध, म्हणजे ज्याला क्षमा नाही असं, पाप घडलं या भीतीनं कुणी दिवसातून वीस वेळा क्षमा मागत असेल, नको ते विचार थांबत नसतील, तर तो मंत्रचळ (ओसीडी) असण्याची शक्यता मोठी. त्यावर चांगले उपचार आहेत, मनोविकारतज्ज्ञांकडे जा. पुन्हा पुन्हा ‘क्षमा झाली आहे’ असं सांगून तो आजार वाढतो, हे घरच्यांनी लक्षात घ्यावं.

आणि पाळकसाहेबांना, मंडळीतल्या थोरांना एक विनंती. असं माणूस तुमच्याकडे आलं तर पहिल्याच भेटीत हातात बायबलमधलं वचन देऊ नका. बायबलमधल्या, सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याशेजारी जमिनीवर गप्प बसले होते. बोलायला लागले तेव्हा सगळं बिघडलं. ‘विश्वास कमी पडला’ हे वाक्य तर दुःखातल्या माणसापुढं कधीच उच्चारू नका. त्याला झोप लागते का ते विचारा, आणि कधीपासून लागत नाही तेही. बोलता बोलता जगणं नको झाल्याचं त्यानं सुचवलं तर त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. रात्र असली तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.