लेखनामुळे माणूस दुःखी होतो का?

लेखनामुळेच होतो, असं मला नाही वाटत. १९८७ साली मानसोपचारतज्ज्ञ नॅन्सी अँड्रियासन यांनी अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाच्या लेखन कार्यशाळेतल्या ३० लेखकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ८० टक्क्यांना कधी ना कधी नैराश्यासारखा विकार झालेला होता, तुलनेसाठी घेतलेल्या इतरांत ३० टक्क्यांना. पण नमुना अगदीच छोटा, आणि मुलाखत घेणाऱ्या अँड्रियासनबाईंना समोरचा लेखक आहे हे आधीच ठाऊक! शिवाय मुळात हळवी माणसंच लेखनाकडे वळत असतील, तर दोष लेखणीला का?

जाच असतो तो भोवतालचा. एकट्याने बसायचं, सकाळी लिहिलेला परिच्छेद संध्याकाळी खोडायचा, संपादकाच्या उत्तरासाठी महिनोन्‌महिने ताटकळायचं, आणि मानधनात हातातोंडाची गाठ पडेल तर शपथ. पोटापाण्याची सोय दुसरीकडे असलेले लेखक मला तरी बरेच मजेत दिसतात.