तोच बिघाड तिसऱ्यांदा आला आणि कंपनी हलक्या दर्जाचा लॅपटॉप 'समतुल्य' म्हणून देत आहे, काय करावे?

तुमच्या प्रश्नातली परिस्थिती मला अशी समजली : लॅपटॉप ११ महिन्यांचा आहे, तो काम चालू असताना कोणतीही सूचना न देता बंद पडतो, मदरबोर्ड दोनदा बदलूनही तोच बिघाड पुन्हा आला आहे, आणि आता कंपनी एक तर तिसऱ्यांदा दुरुस्ती करू म्हणते किंवा तुमचे मॉडेल बंद झाल्याचे सांगून दुसरा एक 'समतुल्य' लॅपटॉप देऊ करते, जो तुम्हाला उघडउघड उणा वाटतो. ठाम नकार द्यावा की पदरात पडेल ते घ्यावे, असे तुम्ही विचारले आहे. मी याच फेऱ्यातून गेलो आहे आणि पहिल्या खेपेस बऱ्याच चुका केल्या आहेत. त्या अनुभवावरून सांगतो की नकार आणि निमूट होकार यांच्या मधे तडजोडीला बरीच जागा असते. मात्र ती जुना लॅपटॉप त्यांच्या ताब्यात देण्यापूर्वीच असते, नंतर फारशी उरत नाही.

वॉरंटीचा कागद नीट वाचलात तर बहुतेक वेळा त्यात असे आढळेल की सदोष वस्तू दुरुस्त करायची, बदलून द्यायची की पैसे परत करायचे, हे कंपनी ठरवेल, आणि बदली दिलेली वस्तू नवी किंवा नव्यासारखी असू शकेल. त्यामुळे 'मला नवा कोरा लॅपटॉपच पाहिजे' ही मागणी केवळ वॉरंटीच्या आधारे केली, तर ती फेटाळणे त्यांना सोपे जाते. फेटाळायला अवघड अशी मागणी वेगळी आहे : 'दुरुस्तीचा मार्ग तुम्ही निवडलात, तो दोनदा फसला, आता दुसरा मार्ग घ्या.' ग्राहक कायद्याने मिळणारे हक्क वॉरंटीहून वेगळे असतात आणि बहुधा विक्रेत्याकडेही मागता येतात. तिथे गेलात तरी दुरुस्तीची पुरेशी संधी देऊनही दोष गेला नाही, हाच मुद्दा जड ठरतो. म्हणजे तुमचे सगळे बळ 'तोच बिघाड' या दोन शब्दांत आहे आणि हे शब्द त्यांच्याच कागदावर उमटले पाहिजेत.

मी फसलो तो इथेच. काउंटरवरच्या मुलाने 'काय होतंय?' असे विचारले आणि मी भरभरून सांगितले की मधूनच बंद पडतो, गरम होतो, हल्ली जरा स्लो पण झालाय. त्याने जॉबशीटवर, म्हणजे तक्रार नोंदवायच्या कागदावर, 'स्लो' एवढेच लिहिले आणि मी न वाचता सही केली. चार दिवसांनी विंडोज नव्याने टाकून लॅपटॉप परत आला. दुसऱ्या वेळी 'आपोआप बंद होतो' अशी तक्रार नोंदली गेली, तेव्हा त्यांच्या लेखी ती पहिलीच तक्रार होती, आणि आधीची फेरी त्या एका शब्दापायी हिशेबातून गेली. तुमच्याकडे दोनदा मदरबोर्ड बदलल्याची नोंद आहे, हे माझ्यापेक्षा पुष्कळ बरे. आता तिसरी तक्रार नोंदवताना मजकूर घरून लिहून न्या : 'चालू असताना आपोआप बंद होतो. अमुक आणि अमुक तारखेच्या तक्रारींतलाच बिघाड. दोन्ही वेळा मदरबोर्ड बदलला.' सोबत जुने तक्रार क्रमांक द्या आणि हाच मजकूर जसाच्या तसा उतरवून घ्यायला सांगा. वॉरंटी संपायला महिनाच उरला असल्यामुळे तक्रार आजच नोंदवा आणि नोंदणीची तारीख लेखी घ्या; बोलणी चालू असताना मुदत टळली तर टोलवाटोलवीला आयते निमित्त मिळते.

अधूनमधून येणाऱ्या बिघाडाचा पुरावा गोळा करणे हे यातले सर्वांत कंटाळवाणे काम आहे, कारण काउंटरवर लॅपटॉप शहाण्यासारखा वागतो. मोबाइल टेकवून ठेवून एक सलग चित्रण करा, ज्यात तळावरचा सिरियल नंबर, लावलेला चार्जर, घड्याळ आणि बंद पडण्याचा क्षण हे सारे न कापता दिसेल. त्याहून उपयोगी पडते ती लॅपटॉपची स्वतःची नोंदवही. विंडोजमध्ये 'रिलायबिलिटी हिस्टरी' असे शोधलेत तर दिवसागणिक आलेख उघडतो, त्यात स्थिरतेला १ ते १० गुण असतात आणि अवेळी बंद पडल्याच्या दिवशी लाल फुली असते. विंडोजमधल्याच इव्हेंट व्ह्यूअर या घडामोडींच्या नोंदवहीच्या 'सिस्टिम' विभागात त्याच वेळेची 'कर्नल-पॉवर ४१' ही नोंद सापडेल. ही नोंद कारण सांगत नाही, यंत्र रीतसर बंद झाले नव्हते एवढेच सांगते, आणि म्हणूनच मला उत्तर मिळाले होते की तुम्हीच बटण दाबून धरले असेल. त्या नोंदीच्या तपशिलात 'पॉवर बटन टाइमस्टॅम्प' अशी एक ओळ असते. बटण दाबून धरून लॅपटॉप बंद केला असेल, तर तिथे शून्याऐवजी आकडा येतो. माझ्या १७ च्या १७ नोंदींत तिथे शून्य होते, आणि शेजारच्या 'बगचेक कोड'मध्येही शून्यच होते, म्हणजे विंडोज निळा पडदा दाखवून कोसळलेलेही नव्हते. मी त्या पानांचे प्रिंट पुढे ठेवले, तेव्हा इंजिनिअरने ते शांतपणे वाचले आणि त्यानंतर सॉफ्टवेअरचा विषय पुन्हा निघाला नाही. याशिवाय, विंडोज सुरू होण्याआधी चालणारी कंपनीची स्वतःची हार्डवेअर चाचणी बहुतेक लॅपटॉपमध्ये असते, ती जरूर चालवा. तिच्यात त्रुटीचा कोड आला तर वादच मिटतो; पण चाचणी निर्दोष निघाली म्हणून मशीन निर्दोष ठरत नाही, हे त्यांना सांगायची तयारी ठेवा.

लॅपटॉप जमा करण्यापूर्वी चारी बाजूंचे, बिजागरींचे आणि पडद्याचे फोटो काढा, नाहीतर परत येताना पडलेला ओरखडा किंवा तडा तुमच्याच माथी बसतो. डेटाची प्रत काढून ठेवा. डिस्क बिटलॉकरने, म्हणजे विंडोजच्या डेटा-कुलपाने, कुलूपबंद असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की लिहून ठेवा, कारण मदरबोर्ड बदलला की ती हमखास मागितली जाते. मदरबोर्ड दोनदा बदललेला असल्यामुळे आणखी एक गोष्ट तपासा : बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या, बोर्डावरच्या मूळ प्रोग्रॅममध्ये) दिसणारा सिरियल नंबर आणि तळाच्या स्टिकरवरचा नंबर एकच आहे ना? नव्या बोर्डात नंबर भरायचे राहून गेले असेल, तर वॉरंटीच्या चौकशीत भलताच घोळ होतो.

आता बोलणी कोणाशी करायची ते पाहू. फोनवरच्या प्रतिनिधीला बदली मंजूर करण्याचा अधिकार सहसा नसतो, त्यामुळे त्याच्यावर चिडणे म्हणजे दगडावर डोके आपटणे आहे. 'तुमच्या वरिष्ठांना द्या' असे म्हटले की फोन दुसऱ्या प्रतिनिधीकडे जातो; त्याऐवजी 'बदलीचा निर्णय कोणता विभाग घेतो आणि माझे प्रकरण त्या विभागाकडे कोणत्या तारखेला गेले?' असे विचारा. प्रत्येक फोननंतर त्याच दिवशी चार ओळींचा ईमेल पाठवा : आज अमुक वेळी बोलणे झाले, तुम्ही असे सांगितले, मी असे सांगितले, चूक असल्यास कळवावे. या ईमेलना बहुधा उत्तर येत नाही, पण महिन्याभरानंतर 'असे आमच्याकडून कोणी बोललेच नव्हते' असे म्हणण्याची सोय त्यांच्याकडे उरत नाही. पोकळ धमक्या देऊ नका. पुढची पायरी सांगायचीच असेल, तर जी खरोखर चढणार आहात तीच तारखेसह सांगा.

खरा झगडा 'समतुल्य' या शब्दावर असतो. हा शब्द ऐकला की आपण प्रोसेसरचे नाव, रॅम आणि स्टोरेज एवढेच पाहतो, आणि बोळवण नेमकी तिथेच होते. माझा लॅपटॉप इंटेलच्या १० व्या पिढीतल्या कोअर आय७-१०७५०एच प्रोसेसरचा होता आणि मला देऊ केलेला होता कोअर आय७-१०५१०यू. दोन्ही आय७, दोन्ही दहाव्या पिढीचे, त्यामुळे त्यांच्या यादीत दोन्ही एकाच रकान्यात. प्रत्यक्षात पहिल्यात ६ कोअर (एकाच वेळी स्वतंत्र काम करणारे भाग) आहेत आणि त्याची मूळ वीजमर्यादा ४५ वॉटची आहे, तर दुसऱ्यात ४ कोअर आहेत आणि मर्यादा १५ वॉटची आहे; एक जड कामासाठी बनवलेला, दुसरा हलक्या, पातळ मशीनसाठी. ग्राफिक्सचेही तसेच. आरटीएक्स ३०६० हे एकच नाव असलेला लॅपटॉपमधला चिप ६० वॉटपासून ११५ वॉटपर्यंत कुठेही जुळवलेला असू शकतो, आणि दोन टोकांच्या वेगातला फरक वापरताना सहज जाणवतो. रॅम १६ जीबी म्हटली तरी ती दोन पट्ट्यांची आहे की एका पट्टीची, आणि पुढे वाढवता येणारी आहे की बोर्डावर डाग देऊन बसवलेली, हे विचारावे लागते. पडद्याच्या बाबतीत तर सर्रास फसवणूक होते असे माझे मत आहे, कारण 'फुल एचडी' या दोन शब्दांखाली २५० निट्सचा (निट हे उजेडाचे माप), एनटीएससी या रंगांच्या मापातले ४५ टक्केच रंग दाखवणारा फिकट पडदाही येतो आणि ३०० निट्सचा, ७२ टक्क्यांचा चांगला पडदाही येतो. पोर्ट, कीबोर्डचा दिवा, बॅटरीची वॉट-अवर क्षमता आणि वजन हे तपशील किरकोळ वाटतात, पण लॅपटॉप घेताना आपण त्यांचेही पैसे मोजलेले असतात.

म्हणून तोंडी 'हा हलका आहे' असे म्हणत बसू नका. दोन्ही मॉडेलच्या अधिकृत तपशिलांचा शेजारी शेजारी तक्ता करा, जिथे नवा उणा आहे त्या ओळी ठळक करा, जिथे तो सरस आहे तेही प्रामाणिकपणे दाखवा, आणि तो तक्ता ईमेलला जोडा. देऊ केलेल्या मशीनचा नुसता मॉडेलचा क्रमांक पुरत नाही, कारण एकाच मॉडेलच्या अनेक आवृत्त्या निघतात. नेमका उत्पादन क्रमांक मागा. ईमेलमध्ये मागण्या उतरत्या क्रमाने, पण एकाच वेळी ठेवा. मी साधारण असे लिहिले होते : 'एकाच बिघाडासाठी झालेल्या दुरुस्त्या अयशस्वी ठरल्या असल्यामुळे मी पुढील दुरुस्तीस संमती देत नाही. सोबतच्या तक्त्यातील एकाही बाबतीत उणा नसलेला लॅपटॉप द्यावा. तसा उपलब्ध नसल्यास खरेदीची रक्कम परत करावी. देऊ केलेले मॉडेल तक्त्यातील क्रमांक १, ४ व ५ या बाबतींत कमी असल्यामुळे समतुल्य नाही. कृपया अमुक तारखेपर्यंत लेखी उत्तर द्यावे.' तिसरा पर्याय, म्हणजे काही उणीव सोसून मोबदल्यात काय चालेल, हा मनात ठरवून ठेवा, पण पहिल्या पत्रात लिहू नका. लिहिलात तर बोलणी तिथूनच सुरू होतील आणि आणखी खाली जातील.

रिफर्बिश्ड, म्हणजे परत आलेले आणि दुरुस्त करून पुन्हा दिलेले, अशा मशीनला सरसकट नकार द्यावा असे मला वाटत नाही. ११ महिने वापरलेल्या लॅपटॉपच्या बदल्यात नीट तपासलेले, वरच्या दर्जाचे रिफर्बिश्ड मशीन मिळत असेल, तर ते हलक्या दर्जाच्या नव्या मशीनपेक्षा मी पसंत करीन. अट एवढीच की बॅटरी नवी असावी, आणि ते मशीन रिफर्बिश्ड असल्याचे त्यांनी आधीच लेखी सांगावे.

वॉरंटीचे उरलेले दिवस मात्र हमखास विसरले जातात. पुष्कळ ठिकाणी बदली मशीनला जुन्याचीच उरलेली मुदत मिळते, म्हणजे तुमच्या बाबतीत जेमतेम महिना. वाढीव वॉरंटी किंवा अपघाती नुकसानीची योजना घेतली असेल, तर ती नव्या सिरियल नंबरवर चढवावी लागते. काही योजनांत तर एकदा मशीन बदलून दिले की योजना पूर्ण झाली असे मानले जाते. हे प्रश्न होकार देण्यापूर्वी विचारा. लॅपटॉप त्यांच्याकडे पडून होता ते दिवसही मुदतीत मिळवून मागायला हरकत नाही, आणि देण्याघेण्याच्या बोलण्यात वॉरंटीचीच मुदत त्यांना सर्वांत सहज सोडता येते, असा माझा अनुभव आहे.

माझ्या बाबतीत शेवटी सहा कोअरचे, जड कामासाठीच्या एच मालिकेतल्या प्रोसेसरचे मशीन मिळाले. त्याचा पडदा माझ्या जुन्या पडद्याहून ५० निट्सनी मंद होता. मी दिवसभर घरातच काम करतो, त्यामुळे तिथे नमते घेतले, आणि त्याबदल्यात नव्या सिरियल नंबरवर पूर्ण १ वर्षाची वॉरंटी मागितली. दोन दिवसांनी होकार आला, तोही फोनवर. मी तो ईमेलवर मागितला, कंपनीच्या संकेतस्थळावर नवा सिरियल नंबर टाकून वॉरंटीची तारीख स्वतः पाहिली, आणि ती बरोबर दिसल्यावरच जुन्या लॅपटॉपची डिस्क पुसून तो न्यायला आलेल्या माणसाच्या हवाली केला.