एका स्लॉटमध्ये चालतं, दुसऱ्यात नाही: मग बिघडलंय काय?

प्रश्न: कॉलेजच्या लॅबमधून भंगारात निघालेली टेक्ट्रॉनिक्स या मोजमाप उपकरणांच्या कंपनीची टीएम ५०६ मेनफ्रेम (सहा स्लॉटची चौकट, प्रत्येकात एक मॉड्यूल म्हणजे छोटं उपकरण सरकवायचं) मिळाली, सोबत तीन-चार मॉड्यूल. त्यातला पीएस ५०३ए पॉवर सप्लाय डावीकडच्या दुसऱ्या स्लॉटमध्ये घातला की एक बाजू (अधिक-वजा दोन आउटपुटपैकी एक) झिरो दाखवतो, बाकीच्या स्लॉटमध्ये बरोबर चालतो. मॉड्यूल उघडून कपॅसिटर बदलायला घेऊ का?

उत्तर: थांबा, मॉड्यूल उघडू नका. तुम्ही स्लॉट बदलून बघितलात तिथेच निम्मं काम झालं, कारण जे मॉड्यूल पाच ठिकाणी चालतं ते बिघडलेलं नाहीये, बिघाड त्या स्लॉटचा आहे. आता लोकांना वाटतं मेनफ्रेम म्हणजे नुसता डबा, आत ट्रान्सफॉर्मर आणि बाहेर पत्रा, पण टीएम ५०० मालिकेत (तुमची ५०६ त्यातलीच) तसं नाहीये. मेनफ्रेम मॉड्यूलला कच्चा सप्लाय देते, म्हणजे साधारण अधिक-वजा ३३ व्होल्ट आणि साडेअकराच्या आसपासचा एक, हे सगळे अनरेग्युलेटेड, म्हणजे व्होल्टेज स्थिर न केलेले, शिवाय प्रत्येक स्लॉटला २५ व्होल्ट एसीची वेगळी वाइंडिंग. रेग्युलेशन मॉड्यूलने स्वतः करायचं. पण रेग्युलेटरमध्ये जो ट्रान्झिस्टर तापतो तो मॉड्यूलमध्ये नाही, मेनफ्रेमच्या हीटसिंकवर बसवलाय, प्रत्येक स्लॉटला एक एनपीएन आणि एक पीएनपी, हे ट्रान्झिस्टरचे दोन उलट प्रकार. त्यामुळे मॉड्यूल लहान राहतं आणि उष्णता मागच्या बाजूने बाहेर जाते, मला ही कल्पना आजही फार आवडते. तुमची एकच बाजू मेलीये म्हणजे माझा पहिला संशय त्या स्लॉटच्या दोनांपैकी एका ट्रान्झिस्टरवर.

तपासायलाही सोपं आहे. मेनफ्रेमची वायर भिंतीच्या सॉकेटमधून काढून ठेवा, मॉड्यूल बाहेर काढा. ट्रान्झिस्टरचे तिन्ही पाय थेट एज कनेक्टरच्या (मॉड्यूलची कडा ज्यात बसते त्या सॉकेटच्या) पिनांपर्यंत आलेले असतात, मॉड्यूल नसताना मध्ये दुसरं सर्किटच नाही, त्यामुळे डिसोल्डर न करता मल्टीमीटर डायोड मोडवर ठेवून बेस-एमिटर आणि बेस-कलेक्टर मोजा, चांगल्याला एका दिशेने ०.६ च्या जवळपास दिसेल, उलट्या दिशेने काही नाही, आणि कलेक्टर-एमिटर दोन्हीकडून ओपन. पिनांचा नकाशा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये आहे, अंदाजाने लावू नका. ट्रान्झिस्टर चांगला निघाला तर कनेक्टरच्या पिना आणि मॉड्यूलची कडा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. जुन्या सेटमध्ये काळी पडलेली कडा खूपदा सापडते.

आणि ट्रान्झिस्टर बदललात तर खालचा इन्सुलेटिंग वॉशर परत नीट बसवा. बसवून झाल्यावर कलेक्टर आणि चॅसी (धातूचा सांगाडा) एकमेकांना जोडले गेले नाहीत हे मोजून मगच चालू करा.

प्रश्न: टीएम ५००० चं मॉड्यूल टीएम ५०० च्या मेनफ्रेममध्ये बसेल का? दिसतं तर सारखंच.

उत्तर: नाही. उलट चालतं, टीएम ५०० चं मॉड्यूल टीएम ५००० मध्ये घाला. ५००० ही नंतरची मालिका, तिच्यात कंप्युटरला जोडायचं जीपीआयबी आलं, सप्लायची मांडणी बदलली, म्हणून चुकीचं मॉड्यूल आत जाऊ नये असे प्लॅस्टिकचे अडथळे टाकलेत. अडतंय म्हणून ते अडथळे कापणारे लोक मी पाहिलेत, कृपया असं करू नका, तो अडथळा मॉड्यूल वाचवण्यासाठीच आहे.

प्रश्न: पीएस ५०३ए सगळ्या स्लॉटमध्ये सारखाच करंट देतो का?

उत्तर: नाही हो, नेहमीच्या स्लॉटमध्ये दर बाजूला ४०० मिलीअँपिअर, आणि टीएम ५०६ च्या सगळ्यात उजवीकडच्या हाय पॉवर स्लॉटमध्ये १ अँपिअर. म्हणून पॉवर सप्लाय तिथेच ठेवा, मीटर आणि काउंटर डावीकडे सरकवा.

प्रश्न: मेनफ्रेम चालू असताना मॉड्यूल बदललं तर काय होतं?

उत्तर: बहुतेक वेळा काही होत नाही, आणि म्हणूनच सवय लागते. पण कडेच्या पिना एकदम नाही टेकत, जरा तिरकं गेलं की काही आधी काही नंतर, आणि तेवढ्या क्षणात बेस मोकळा आणि कलेक्टरवर पूर्ण व्होल्टेज असं होऊ शकतं. माझं एक फंक्शन जनरेटर असंच गेलं, दुरुस्तीला दोन रविवार लागले. टेक्ट्रॉनिक्सच्या मॅन्युअलमध्येही स्पष्ट लिहिलंय, आधी बंद करा, मग घाला किंवा काढा. स्विच समोरच आहे.